काठावरचा तराजू

कडूबा पाणबुड्या भित्रा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर अख्खा मेहकर तालुका हसला असता. पंचवीस वर्षं तो लोकांच्या विहिरींत उतरला. पडलेल्या बादल्या, इंजिनाचे अडकलेले फुटव्हॉल्व्ह त्यानंच काढले, आणि ज्याला हात लावायला सख्खा भाऊ धजत नाही तेही त्यानंच वर आणलं. उतरताना कमरेला दगड बांधायचा. पण तो दगड काठावर उचलून त्यानं कधी निवडला नाही. पाण्यात शिरून, कमरेला लावून बघायचा.

अशा माणसाबद्दल पंच्याहत्तर साली नारायणरावांनी कागदावर लिहिलं, ‘भिऊन काम अर्धवट टाकले.’

नारायणराव म्हणजे धरणावरच्या ठेकेदाराचे सुपरवायझर. मोरीचं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं दार गाळात रुतलं होतं आणि कडूबा पाठीवर हवेची टाकी बांधून ते मोकळं करत होता. टाकी लोखंडी, कमरेच्या पट्ट्यात शिशाचे तीन तुकडे. धरणावरची कामं दोन वर्षं त्यानं ह्याच टाकीवर केली होती. मग ॲल्युमिनियमची नवी टाकी आली. जरा फुगीर होती. कडूबानं ती पाण्यात धरून पाहिली.

“साहेब, हिच्यासंगं शिसं वाढवा लागते,” तो म्हणाला.

नारायणरावांनी दोन्ही टाक्या तराजूवर घातल्या. सारख्या भरल्या. “मग शिसंही सारखंच,” म्हणाले, आणि शिशाच्या कपाटाला कुलूप घातलं. शिकलेल्या माणसाला विषय संपवायची भारी हौस असते.

खाली आधी सगळं ठीक होतं. हवा सरत आली तशी टाकी हलकी झाली आणि कडूबाला पाठीकडून वर ओढू लागली. लोखंडीतलीही हवा सरायची, पण ती कधी अशी उचलायची नाही. एका हातानं दार धरावं तर पहार चालेना. शेवटी हात सुटला आणि तो वर आला.

कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्या दिवशी त्याला सहदेवनं, म्हणजे दुसऱ्या पाणबुड्यानं सांगितलं. कडूबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन्ही रिकाम्या टाक्यांना दोर बांधून त्यानं सगळ्यांदेखत पाण्यात सोडल्या. लोखंडी बुडाली. नवी तरंगत राहिली.

“आता सांगा, साहेब. मी भेलो का ह्या टाकीनं मले वर आनलं?”

नारायणरावांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली. मग उपकार केल्यासारखं म्हणाले, “उद्यापासून दोन तुकडे जास्त घे.”

“शिसं राहू द्या. आधी कागदावरचं काटा.”

“कागद काल मेहकरच्या कचेरीत गेला. आता मी काय करणार?”

“तुमी काई नोका करू.”

कडूबानं नवी टाकी ओढून काढली, निथळत होती तशीच खांद्यावर घेतली आणि एस.टी.च्या थांब्याकडे निघाला.

“अरे, टाकी कुठं नेतोस?” नारायणराव मागून ओरडले.

“मेहकरले. कचेरीत तराजू असंनच. हौद हाये का, तेवढं सांगा.”