खाडाखोडवाले सर

वही फार नीटनेटकी दिसली की आमच्या रसायनशास्त्राच्या सरांचा चेहरा उतरे. "एक बी खाडाखोड न्हाई? मग प्रयोग कोन केला, झेरॉक्सवाला?" चुकलेलं रीडिंग रेघ मारून तसंच ठेवणाऱ्याला आणि शेजारी का चुकलं ते लिहिणाऱ्याला ते जास्त गुण देत. नांदेडच्या त्या कॉलेजात सगळे त्यांना खाडाखोडवाले सर म्हणत.

आम्ही बहुतेक जण लातूरला क्लास लावून, नीटमध्ये आपटून बीएस्सीला आलेलो. गावात तोंड दाखवायची लाज वाटे. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी टायट्रेशन करताना ब्युरेटच्या नळीतून मुद्दाम थेंब जास्त सोडले, फ्लास्क गडद गुलाबी झाला. "बिघडलं. ओता, धुवा, पुन्हा करा. एवढंच असतंय बाळांनो." कित्येक महिन्यांनी मला त्या दिवशी नीट जेवण गेलं.

हजेरी ते घेत नसत, आलेल्या वह्या बघत. कुणाची वही दोनदा आली नाही की स्कूटर काढून थेट त्याच्या खोलीवर. "चल, ब्युरेट वाट बघून राहिलंय तुझी." कारण कधीच विचारत नसत.

दिवाळीनंतर माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार, मुदखेडचा गंगाधर, यायचा थांबला. "मन लागंना रे," म्हणायचा. त्याचे गुण जाऊ नयेत म्हणून त्याची वही मीच भरून देऊ लागलो. दोस्ती निभावतोय असं वाटायचं, मूर्ख कुठला! चौथ्या आठवड्यात गंगाधरनं जीव दिला.

सर प्रयोगशाळेत ती वही उघडून बसले होते. "चार पानं, एक बी खाडाखोड न्हाई. मी वही बघितलो, पोराला बघितलो न्हाई." मी समोर उभा होतो. पुढे ते चेहरा बघून हजेरी घेऊ लागले. आणि दर रविवारी काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीवर येत, चहा घेऊन जात. माझा कप तसाच निवून जाई.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी धीर केला. "सर, त्या वहीतलं अक्षर..."

"तुझं हाय. तवाच ओळखलो."

"मग बोलला का न्हाई, सर?"

"एक पोरगं गेलतं. दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं." त्यांनी पिशवीतून गंगाधरची वही काढून माझ्या हातात ठेवली.

सर गेल्या वर्षी वारले. मी आता लातूरला शिकवतो, चेहरे बघूनच हजेरी घेतो. ती वही माझ्या कपाटात आहे. चारही पानांवर मी रेघ मारलीय. शेजारी का चुकलं ते लिहायला अजून हात उचलत नाही.