मी बंद केलेले माग

गेल्या महिन्यात नातीनं तिच्या फोनवर ती जुनी इंग्रजी रेकॉर्ड शोधून दिली. जुन्या भयकथांवर रचलेली, एक अख्खी बाजू म्हणजे सलग एकच गोष्ट. थोडं ऐकून नात म्हणाली, "आजोबा, हे गाणं आहे की भुताटकी?"

मध्ये एक जागा येते. सगळी वाद्यं थांबतात. छातीच्या ठोक्यासारखा ढोल तेवढा उरतो आणि दुरून बायकांचा विव्हळता सूर वर चढत जातो. तरुणपणी ती जागा मी एकदाच नीट ऐकली होती. ती ऐकण्यासाठी मी काय केलं, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

रेकॉर्ड माझी होती, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. प्लेअर मित्राचा. त्याचं घर तेलुगू विणकरांचं. खाली टॉवेलचे माग, वर राहायची जागा. वर त्याची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही खाली, मागांच्या खडखडाटात प्लेअरला कान लावून बसायचो. ती हलकी जागा कधी ऐकूच यायची नाही. एका दुपारी मला राहवलं नाही. तो "अरे, नको" म्हणेपर्यंत मी मागांचा मेन स्विच खाली ओढला.

त्या गल्लीत भर कामाच्या दिवशी एखाद्या घरचे माग थांबले, की तिथं कुणी गेलं असं समजत आणि शेजारीही आपले माग थांबवत. हे मला माहीत होतं. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच. एकामागून एक गल्लीतले सगळे माग बंद पडले आणि त्या शांततेत आमच्या रेकॉर्डवरच्या बायका विव्हळू लागल्या. किती स्वच्छ ऐकू येतंय, म्हणून मी खूश! पाहतो तर दारात तोंडाला पदर लावून शेजारणी उभ्या. दोघी रडतच वर गेल्या. आई उशीला टेकून पेज पीत होती. तिनं घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

त्याच महिन्यात ती गेली.

"माग कुणी बंद केले?" असं मित्राच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्या दुपारी विचारलं होतं. मित्र म्हणाला, "मी." मी रेकॉर्डचं कव्हर हातात धरून शेजारी उभा होतो. आई जिवंत असताना यानं तिचं मरण गल्लीला कळवलं, हे अक्कानं पुढं आयुष्यभर त्याला ऐकवलं. प्रत्येक श्राद्धाला, कधी माझ्यादेखत.

रेकॉर्ड पुन्हा ऐकल्यावर मी त्याच्याकडे गेलो. मागांनी त्याचे कान गेलेत. अक्का आता त्याच्याकडेच असते. मी अक्काला सगळं सांगितलं. ती ओरडून त्याला म्हणाली, "माग यानं बंद केले म्हणतोय, खरं हाय का?"

"खरं की."

"मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू याला परत घरात घेतलं असतंस का? याच्याशिवाय मला दुसरं होतं कोण, अक्का?"

ती माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, "तुला बोलायला लई वर्षं लागली रे."

"हो, अक्का."

"चहा नाही करत आज. तू जा. परत ये, पण आज जा. मला याच्याशी बोलायचंय."

मी उठलो. जिना उतरताना तिचा आवाज ऐकू येत होता. त्याला ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं, तेलुगूत बोलत होती. मला ती भाषा येत नाही. पण इतकी वर्षं त्या घरात तिचा त्याच्यावर रागानं चढलेला सूर ऐकलाय मी. हा तो नव्हता.