आमच्या डाव्या कोपऱ्याला सोडलं तेव्हा

जून महिन्यात जयपूरला दुपारी कोणी उगाच बाहेर पडत नाही. पडदे ओढून, कूलरमध्ये पाणी भरून माणसं गप पडून राहतात. अशाच एका दुपारी मुलगी फोन घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, त्याला काढलं. मतलब, सोडलं त्याला."

"कोणाला?"

तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. शहराच्या कबड्डी संघाने एक चित्र टाकलं होतं. आमचा डावा कोपरा पाठमोरा उभा, वर इंग्रजीत धन्यवाद, खाली हात जोडल्याची खूण. बस, एवढंच. इतकी वर्षं ज्याने चढाईपटूंचे घोटे धरून या संघाला सामने जिंकून दिले, त्याला निरोप द्यायला यांना दोन वाक्यं सुचली नव्हती. आणि फोटो पाठमोरा! तोंड दाखवायची लाज खरं तर यांना वाटायला हवी होती, पण पाठ त्याला फिरवायला लावली होती.

माझं डोकं तेव्हा जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

मी सांगली जिल्ह्यातली. शाळेत असताना कबड्डी खेळायचे, आणि तीही डाव्या कोपऱ्यात. कबड्डी न बघणाऱ्यांसाठी सांगते, बचाव करणाऱ्या साखळीच्या दोन टोकांना दोघं उभे असतात, ते कोपरे. समोरून चढाई करणारा आत आला की त्याच्या पायावर झेप घ्यायची आणि घोटा सोडायचा नाही. तो पळतो, फरफटत नेतो, गुडघे सोलून निघतात, पण सोडायचा नाही. हे काम करणाऱ्याचं नाव फारसं होत नाही. टाळ्या चढाईवाल्याला मिळतात.

लग्नानंतर नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी गावं बदलत बदलत आम्ही जयपूरला आलो. आधी रेल्वे कॉलनीत होतो, मग बनी पार्कमध्ये एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेतला. या शहरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. मग व्यावसायिक कबड्डी आली, शहराचा संघ झाला, आणि पहिल्याच सामन्याला मी मराठीतून इतकी ओरडले की दोन दिवस घशातून आवाज फुटेना. त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर आमचे घरमालकच निघाले. आपल्या मंत्रालयासारख्या इथल्या सचिवालयातून निवृत्त झालेले, एरवी गेट नीट लावा, पाणी वाया घालवू नका, एवढंच बोलणारे गृहस्थ. ते खुर्चीवर उभे राहून शिट्टी मारत होते. त्यांचं लहानपण शेखावाटीतल्या गावात कबड्डी खेळण्यात गेलेलं. तेव्हापासून ते, मी आणि माझी मुलगी, आम्ही तिघांनी जयपुरातला एकही घरचा सामना चुकवला नाही. नवरा येत नाही. त्याला खेळ बघताना झोप येते.

डावा कोपरा आम्हाला भेटला तो गणपतीत. इथल्या मराठी माणसांच्या गणपतीला कोणीतरी त्याला आरतीला आणलं. शिरोळकडचा मुलगा, खांदे असे की सदरा शिवणीत उसवेल, आणि बोलायला मात्र अगदी लाजरा. माझी मुलगी जयपूरचीच. हिंदीच्या जोरावर मराठी वाचते, बोलताना अडखळते. त्याने तिला विचारलं, "तू कुठली गं?" ती म्हणाली, "मी जयपूर की... जयपूरची." तो हसला. "मग काय, मीपण आता जयपूरचाच."

त्यानंतर संघ इथे असला आणि सुट्टी मिळाली की तो आमच्याकडे जेवायला यायचा. "काकू, तांबडा रस्सा करा की," असं दर वेळी म्हणायचा. घरमालक खाली राहतात आणि कडक शाकाहारी आहेत, म्हणून दर वेळी मी त्याची भरल्या वांग्यांवर समजूत काढायचे. तो पाच-पाच भाकऱ्या खायचा. त्याच्याशी बोलायला माझ्या मुलीने मराठी धड करायला घेतली. आम्ही इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते त्याच्यामुळे झालं.

गेल्या हंगामात त्याचा गुडघा गेला. एका पकडीत तो वेडावाकडा पडला, आम्ही डोळ्यांनी बघितलं. पुढच्या सामन्याला तो बाहेर बसेल असं वाटलं होतं. तर मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्या गुंडाळून त्याला पुन्हा मॅटवर उभं केलं. त्याच्या पुढच्या सामन्यालाही तेच. कारण त्याच्या जागी खेळेल असा दुसरा माणूस संघाने घेऊनच ठेवला नव्हता. जेवायला आला तेव्हा त्याला मांडी घालून बसता येईना. खुर्ची दिली.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"खेळायला हरकत नाही म्हणतात."

"आणि गुडघा काय म्हणतो?"

तो हसला आणि त्याने भाकरी मागितली.

त्या हंगामात संघ धडाधड हरत गेला. चढाईवाले हरले, प्रशिक्षक हरले, सगळेच हरले, पण शिव्या कोणाला? ज्याच्या हातातून घोटे सुटत होते त्याला. माझ्या मागच्या रांगेतली माणसं त्याला लंगडा घोडा म्हणत होती. मी वळून भांडले. मुलगी माझी ओढणी ओढत होती.

आणि आता जूनमध्ये हे चित्र. धन्यवाद.

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं, कंपनी आहे ती. चालणारा माणूस ठेवणार, न चालणारा सोडणार. तू कशाला जीव जाळतेस?"

"कंपनी आहे तर कंपनीचं नाव लावा," मी म्हणाले. "आमच्या शहराचं नाव कशाला लावता? हंगाम आला की चौकाचौकात फलक, आपला संघ, आपली शान. हंगाम संपला की फोन उचलायला माणूस नाही. तेव्हा आपला नसतो का तो?"

त्याने दुसरा बूट काढला.

थोड्याच दिवसांनी संघाकडून आमंत्रण आलं. सिव्हिल लाइन्सच्या बाजूला एका हॉटेलात नव्या जर्सीचं अनावरण होतं, आणि नेमाने येणाऱ्या चाहत्यांना बोलावलं होतं. मी जाणारच नव्हते. घरमालक वर आले आणि म्हणाले, "चलिए भाभीजी, वहीं पूछ लेंगे, क्यों निकाला." हे त्यांचं वाक्य. मी लक्षात ठेवलं आहे.

हॉटेलात इतकं गार होतं की मुलीला शिंका यायला लागल्या. पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ व्यासपीठावर आला. तो संघाचा कोणीतरी मोठा अधिकारी. त्याने सांगितलं, हा ऑफसीझन म्हणजे नव्या प्रवासाची तयारी आहे, आम्ही तरुण संघ बांधतोय, आणि तुम्ही चाहते नाही, तुम्ही आमची फॅमिली आहात. फॅमिली हा शब्द त्याने इतक्या वेळा वापरला की माझ्या कानांत दडे बसायला लागले. मग म्हणाला, कोणाला काही विचारायचंय?

मी घरमालकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

मी हात वर केला. माइक घेऊन एक मुलगी धावत आली. माझी हिंदी आजही सांगलीच्या वळणाची आहे, पण तेव्हा मला त्याची फिकीर नव्हती. मी विचारलं, "आपने अभी फॅमिली बोला. फॅमिली में किसी का घुटना टूटता है तो उसको घर से निकालते हैं क्या?"

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी.

पांढऱ्या बुटांचा माणूस हसला. असं हसणं मी सरकारी दवाखान्यात बघितलंय, साहेब आज येणार नाहीत हे सांगतानाचं. "बहुत अच्छा सवाल है, मॅडम. ये खेल के फैसले होते हैं. इस पर बाद में बात करेंगे."

"बाद में कब? और टूटे घुटने पर उसको खिलाया किसने?"

माइकवाल्या मुलीने माइक माझ्या हातातून अलगद सोडवून घेतला. तिचा दोष नव्हता, तिला तेवढंच काम दिलेलं. आणि त्याच क्षणी मोठ्याने संगीत सुरू झालं, धूर सोडला, आणि नवी जर्सी घालून पाच खेळाडू बाहेर आले. लोक उभे राहून फोटो काढायला लागले. मी काहीतरी बोलत होते, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. अपमान काय असतो ते मला त्या ढोलांच्या आवाजात कळलं. मला कोणी गप बस म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी नुसता आवाज वाढवला.

मुलगी उठली, म्हणाली, "चल आई," आणि आम्ही बाहेर आलो. घरमालक आले नाहीत. बाहेर उन्हात आम्ही त्यांची वाट बघत उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने ते आले, हातात पिशवी. पिशवीत नवी जर्सी.

"भाईसाहब, ये क्या?"

"मुफ़्त में दे रहे थे, भाभीजी," ते म्हणाले, आणि गाडीचं दार उघडायला लागले.

दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्याचा फोन आला. गावाकडून. मला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल, आपल्या बाजूने कोणीतरी बोललं म्हणून.

"काकू, तुम्ही तिथं गुडघ्याचं बोललात?"

"बोलले. का नाही बोलायचं?"

"नका बोलू. पाया पडतो. खेळाडूंचा लिलाव आहे. गुडघा पूर्ण बरा आहे असं सगळ्यांना सांगितलंय. तुटका गुडघा कोण विकत घेईल?"

"बरा झालाय का खरंच?"

"होईल की."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काही करायचं सुचेना. मोडलं त्यांनी, आणि लपवायचं याने. चोरी केल्यासारखं स्वतःचं दुखणं लपवायचं, नाहीतर कोणी खेळायला घेणार नाही. मला त्याच्यावर रागावता येईना, आणि ज्यांच्यावर रागवायचं ते संगीत लावून बसले होते. मी कोणाला काही सांगितलं नाही. त्याच्यासाठी गप बसले, आणि ते गप बसणं माझ्या अंगावर आलं.

लिलावाच्या दिवशी मी टीव्ही लावणार नव्हते. पण घरमालकांनी खालून हाक मारली, "भाभीजी, उसका नाम आने वाला है." हॉटेलानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. तरी मी खाली गेले. मुलगीही आली.

गोल टेबलांभोवती बसलेली माणसं. पाण्याच्या बाटल्या, लॅपटॉप. त्याचा फोटो पडद्यावर आला, या वेळी समोरून. पुकारणाऱ्याने नाव घेतलं, पुन्हा घेतलं. कोणीतरी पाणी प्यायला. कोणीतरी फोनमध्ये बघत होता. आमच्या संघाच्या टेबलावर तो पांढऱ्या बुटांचा माणूस शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगून हसत होता. एकही बोली न लागता हातोडा वाजला आणि पुढचं नाव आलं. सगळं इतक्या पटकन झालं की मुलीने विचारलं, "झालं?"

थोड्या वेळाने आमच्या संघाने त्याच्याच जागेसाठी हरियाणाचा एक कोवळा मुलगा घेतला आणि टेबलावरच्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

घरमालकांनी टीव्ही बंद केला. "अगले साल," ते म्हणाले.

"अगले साल वो एक साल और बूढ़ा होगा," मी म्हणाले आणि वर निघून आले.

त्याने पावसाळ्यात गावाकडेच ऑपरेशन करून घेतलं. सरकारी खात्यात त्याला खेळाडू म्हणून नोकरी आहे, तिथे तो आता बसून काम करतो. अधूनमधून फोन करतो, मुलीशी तासभर बोलतो. कबड्डीबद्दल बोलत नाही. मीही काढत नाही.

हिवाळ्यात घरचे सामने सुरू झाले. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि गेले. घरी टीव्हीवर ओरडलं की नवरा आवाज कमी करतो. आणि राग मनात कोंडून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

संघ वाईट खेळला. तो तरुण संघ कोणाच्या तरी कागदावर बांधलेला होता, मॅटवर नाही. नव्या डाव्या कोपऱ्याला झेप केव्हा घ्यायची तेच कळत नव्हतं. त्याला शिकवायला त्याच्या शेजारी कोणी जुना उभाच नव्हता. उत्तरार्धात सगळेच्या सगळे बाद होऊन संघावर दुसरा लोण चढला तेव्हा मी उठून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या संघाची हुर्यो उडवली. ढोलवाले थांबून माझ्याकडे बघायला लागले.

घरमालकांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता. "भाभीजी, अपनी टीम है. बच्चे खेल रहे हैं."

"बच्चों को नहीं बोल रही. वो साहब लोग ऊपर काँच के पीछे बैठे हैं, उनको बोल रही हूँ."

"उनको सुनाई नहीं देता."

"मालूम है," मी म्हणाले, आणि पुन्हा ओरडले.

ते उठले, नव्या जर्सीवरची शाल सावरली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसले. मुलगी माझ्याजवळच राहिली. परतताना मात्र गाडी त्यांचीच होती, त्यामुळे आम्ही तिघं एकत्रच आलो. वाटेत ते म्हणाले, "मैं भी नाराज़ हूँ. पर मैं टीम को गाली नहीं दे सकता." मी म्हणाले, त्या दिवशी हॉटेलात विचारायला तरी उठायचं होतं. त्यांनी सिग्नलकडे बघितलं. लाल होता.

पुढच्या सामन्याची तिकिटं त्यांनीच काढून आणली. त्यांचं पुढच्या रांगेत, आमची दोघींची चांगली चार रांगा मागे. मी विचारलं, एकत्र नाही मिळाली? ते म्हणाले, मिळत होती.