राहतं घर

नवीन घर बांधायला सरकार पैसा देतं, पण असलेलं घर पडू नये म्हणून देत नाही, हे कळायला मला देवरीच्या पंचायत समितीत वर्षभर चपला झिजवाव्या लागल्या. मी चिचगडपलीकडच्या आमच्या गावची ग्रामपंचायत सदस्य. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. लोक म्हणायचे, हिला काय काम आहे, फिरते एसटीनं. फिरत होते, खरंच आहे. घरी भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा साहेबांशी भांडलेलं बरं.

भांडण होतं शेजारच्या म्हातारीसाठी. तिचं मातीचं घर, वर कवेलूंचं छप्पर. मागच्या भिंतीनं पोट काढलेलं, आढ्याला वाळवी. दुरुस्ती झाली नाही तर पावसाळ्याआधी लेक तिला छत्तीसगडात आपल्याकडे नेणार होती. म्हातारीला जायचं नव्हतं. आणि स्पष्टच सांगते, मलाही तिला जाऊ द्यायचं नव्हतं. संध्याकाळी कुंपणापलीकडून "जेवली का वं?" असं विचारणारं मला दुसरं होतं तरी कोण?

शेवटी एकदाचा दुरुस्तीसाठी थोडा निधी आला. साहेब पाहणीला येणार, असा निरोप मीच तिला दिला, आणि तिथंच माशी शिंकली. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटला की बाई घर लिंपल्याशिवाय राहत नाही. म्हातारीनं खपून खपून भेगांत माती भरली, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला, अंगण सारवलं, दारात रांगोळी घातली. फुगलेल्या भिंतीपुढे धान साठवायची रिकामी ढोली सरकवली. साहेबांनी चहा घेतला, घर किती नेटकं ठेवलंय म्हणाले, आणि या घराला दुरुस्तीची गरज नाही असं लिहून गेले. मी तिच्यावर तोंडाचा पट्टाच सोडला. ती शांतपणे म्हणाली, "पावना येऊन राहिला, अन् मी का त्याले भेगा दाखवू?"

पुन्हा चकरा, पुन्हा विनवण्या. साहेब आणखी एकदा येतील, पण त्या बाईला म्हणावं काही लिंपू नको, असं पंचायत समितीतल्या बाबूनं मला बजावलं. मी तिला बजावलं. तिनं ऐकलं. होळी आली तरी तिच्या भिंतीला हात लागला नाही. अंगणात पालापाचोळा साचला. घरात सुतक आहे काय, म्हणून बायका विचारायच्या. तेव्हापासून ती दारात बसेना, कुंपणाशीही येईना. माझ्या संध्याकाळी जाता जात नसत.

साहेब आले ते मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत, न कळवता. जीप पाहून मी धावत गेले. दार नुसतं लोटलेलं, चूल थंड, हाका मारल्या तरी ओ नाही. साहेबांनी वाळवी पाहिली, भेगा पाहिल्या, अंगण पाहिलं. म्हणाले, हे राहतं घर नाही, इथं कित्येक महिने कोणाचा हात लागलेला दिसत नाही, आणि राहत्या घराशिवाय निधी देता येत नाही. अहो, मोह वेचायला गेली असेल, आत्ता येईल, मी शेजारीच राहते, मला ठाऊक नाही का, असं मी काय काय सांगितलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

जीप गेल्यावर म्हातारी घरामागच्या बाडीतून आली. तुरीच्या काड्यांच्या ढिगाआड बसून होती. अशा घरात पाहुण्यापुढे उभं राहायची तिला लाज वाटली. मला तिचा राग यायला हवा होता, पण रडूच आलं. साहेब काय म्हणाले ते मी सांगितलं. तिनं एकदा घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मी राहतो न बाई इथं," ती म्हणाली.

पाऊस लागायच्या आत लेक येऊन तिला घेऊन गेली.