हेलेनबाईंचा कललेला बुरूज

एकता गजभिये मूळची नागपूरची. सिंगापूरच्या एका विद्यापीठात ती जुन्या इमारतींच्या मजबुतीवर संशोधन करते. तिथल्या वुडलँड्स भागातल्या फ्लॅटमध्ये ती आणि नवरा प्रीतम, दोघंच. गेल्या वर्षी तिच्याकडे फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या हवेलीचं काम आलं.

हवेली पाचशे वर्षांपूर्वीची. तळमजला दगडी, वरचा ओकच्या तुळयांचा, तुळयांमध्ये गवतमिश्रित मातीचा भराव. त्यावर काळ्या पाटीच्या दगडाचं उंच, उतरतं छप्पर आणि मागच्या भिंतीला खेटून गोल जिन्याचा बुरूज. फ्रेंच राज्यक्रांतीत जमीनदार पळाले. मग शेतकरी राहायला आले, त्यांनी दिवाणखान्यात धान्य भरलं. पुढे सरकारनं वास्तू संरक्षित केली.

हा बुरूज कलला होता आणि भिंतीपासून सुटल्यासारखी भेग दिसत होती. मालकीण हेलेनबाई त्याच घरात जन्मल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंना बहिणीकडे राहायला जावं लागलं होतं. बुरूज उतरवायचा का, हे एकताच्या गणितावर ठरणार होतं आणि गणित धोक्याचंच उत्तर देत होतं.

"मी त्यांना काय सांगू?" ती जेवताना प्रीतमला म्हणाली. ताट तसंच होतं.

एकदा स्क्रीनवर बुरुजाचं त्रिमितीय चित्र फिरवून बघताना तिला वाटलं, हा सरळ कललेला नाही. वर जाताना तो पुन्हा उभा होतोय. पण अंधाऱ्या जिन्याची मोजणी नीट झाली नव्हती. दुपारी तिनं हेलेनबाईंना व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळ होती. बुरुजाला टेकू दिलेले होते. तिथल्या इंजिनिअरसोबत, हेल्मेट घालून, बाई आत शिरल्या.

"मॅडम, पायरीवर काहीतरी गोल ठेवा ना," एकता म्हणाली.

बाईंनी खिशातून बागेतलं सफरचंद काढलं. खालच्या पायरीवरून ते भिंतीकडे घरंगळत गेलं. मधल्या पायऱ्यांवर हळू. सगळ्यात वर ठेवलं, तर हललंच नाही.

"अजून एकदा ठेवा!" एकता खुर्चीतून उठलीच.

सफरचंद जागचं हललं नाही.

"मॅडम, बुरूज बांधताबांधताच कलला होता. गवंड्यांच्या लक्षात आलं आणि वरच्या पायऱ्या त्यांनी सपाट बसवल्या. हा कल तेव्हाचाच आहे, नंतरचा असता तर वरच्या पायऱ्याही कलल्या असत्या!"

"म्हणजे पडणार नाही?"

"आत्ताच वचन देत नाही. भेगेवर मापकं लावू, हिवाळा जाऊ दे."

पाऊस झाला, हिम पडलं, वितळलं. भेग जराही रुंदावली नाही. इंजिनिअरनं नुसता चुना भरायला सांगितला. वसंतात हेलेनबाई घरी परतल्या आणि त्यांनी फोन केला. बोलायला गेल्या आणि रडूच आलं त्यांना. एकतालाही आवरेना.

प्रीतम कामावरून आला तेव्हा ती दारातच चपला घालून उभी होती.

"चल, हॉकर सेंटरला. मला कडकडून भूक लागलीये."