न्याहारीनंतर घराबाहेर

सिडनीच्या पश्चिमेकडच्या टूनगॅबीतल्या ज्या घरात मी लॉकडाऊन काढला, त्या घराची मालकीण एक इंग्रज म्हातारी होती. ती मला आवडली नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. मैत्रिणींना ही हकिगत सांगायला लागले की त्या शेवटाकडे डोळे लावून बसतात, आता या दोघी रडत एकमेकींना मिठी मारणार म्हणून. तसं काही झालं नाही.

मी सिडनीला शिकायला आले, यूनि संपवली, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळवली आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. कोविड आल्यावर मला टेस्टिंगच्या ड्राइव्ह-थ्रूवर टाकलं. गाड्यांची रांग, काच खाली, मास्क खाली, नाकात स्वॉब, पुढची गाडी. शिफ्ट पहाटे सुरू व्हायची आणि दुपारी जेवायच्या वेळेला सुटायची. घरात मागच्या खोलीत मी राहायचे, बाजूच्या खोलीत हैदराबादचा एक मुलगा राहायचा. तो कुरियरची व्हॅन चालवायचा आणि मला दीदी म्हणायचा. पुढचं सगळं घर म्हातारीचं.

तिच्या पॅसेजमध्ये ओळीने फ्रेम लावलेल्या होत्या आणि सगळ्या एकाच गावाच्या. इंग्लंडच्या उत्तरेचं समुद्रकाठचं गाव, जिथे ती जन्मली आणि जिथून वीस-एकवीस वर्षांची असताना बोटीने इकडे आली. मी राहायला आले त्याच आठवड्यात तिने मला प्रत्येक फ्रेमपुढे उभं करून त्या गावाचा इतिहास ऐकवला. मला ती ‘लव्ह’ म्हणायची. त्यात प्रेमाचा काही संबंध नव्हता, तिच्या गावाकडे बसच्या कंडक्टरलाही तसंच म्हणतात.

“आधी तिथे मासे मारणाऱ्यांची चार घरं होती, लव्ह. मग कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं की समुद्राचं पाणी प्यायल्याने आजार जातात. झालं, श्रीमंत लोक बग्ग्यांतून येऊन ग्लासांनी खारं पाणी प्यायला लागले.”

मग बायकांच्या आंघोळीची तऱ्हा. चाकांवरची लाकडी खोली, तिला जुंपलेला घोडा. बाई आत बसून कपडे बदलायची, घोडा खोली पाण्यात ओढत न्यायचा आणि बाई मागच्या दाराने थेट समुद्रात उतरायची, म्हणजे किनाऱ्यावरून कोणाला काही दिसायला नको. मग रेल्वे आली. आतल्या गावांतल्या कापडगिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहायच्या आणि अख्खं गाव पोराबाळांसकट समुद्रावर उतरायचं. त्यांच्यासाठी पाण्यात लांबवर नेलेला लोखंडी पिअर, पिअरच्या टोकाला थिएटर, काचेच्या छताखाली ताडाची झाडं लावलेला नाचाचा हॉल, वाळूवर घंटा वाजवत फिरणारी गाढवं. गुलाबी साखरेची कांडी कुठेही मोडली तरी आत गावाचं नाव दिसायचं.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांना कोणी आठवडाभर समुद्रावर पाठवल्याचं आमच्या घरात कधी ऐकलं नाही. मी विचारलं, “त्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा?”

“बोटीने,” ती म्हणाली आणि पुढच्या फ्रेमकडे वळली.

शेवटची फ्रेम तिच्या आईच्या बोर्डिंग हाउसची होती. समुद्राच्या मागच्या गल्लीतलं उंच, अरुंद घर. आधी आजीने चालवलं, मग आईने. तिथला नियम ती अभिमानाने सांगायची. न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडायचं. आई दार लावून घ्यायची ते थेट संध्याकाळच्या चहाला उघडायची. पाऊस असो, वारा असो, अंगात ताप असो. लोक मुलांना घेऊन समोरच्या शेडमध्ये कुडकुडत बसायचे.

“पैसे देऊन?” मी विचारलं.

“घर स्वच्छ कधी करायचं मग? आणि कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे आई दारातच चेहरा बघून ठरवायची.”

“आमच्यासारखं कोणी आलं तर?”

“तुमच्यासारखे यायचेच कुठे, लव्ह.”

मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला. भाडं परवडत होतं, स्टेशन जवळ होतं. त्या वयात आणि त्या व्हिसाच्या भानगडीतून नुकतं सुटलेलं असताना माणूस बरंच काही चहाबरोबर गिळतं.

दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात, इकडे तो जून ते ऑगस्ट असतो, आमच्या पश्चिमेकडच्या भागात लॉकडाऊन कडक झाला. डोक्यावर हेलिकॉप्टर, रस्त्यावर पोलीस, कामाला जायला परवाना, व्यायामाला तासभर, तोही मोजून मापून. त्याच दिवसांत टीव्हीवर सिडनीच्या समुद्रकाठचे लोक टॉवेल पसरून ऊन खाताना दिसायचे. केस तिकडूनच सुरू झाल्या होत्या, पण दारं आमची लागली. म्हातारीचा एकुलता एक मुलगा त्याच समुद्रकाठच्या भागात राहायचा. ती बातम्या बघून म्हणायची, “त्यांच्याकडे शिस्त आहे.”

एकदा शिफ्टवरून आले तर दाराला आतून कडी. बेल वाजवली. तिने खिडकी बोटभर उघडली.

“तू दिवसभर रोग्यांच्या तोंडात हात घालून येतेस. मी दुपारी पुढच्या बाजूला असते, स्वयंपाकघरात असते. तू संध्याकाळी चहाच्या वेळेला येत जा. मी तेव्हा माझ्या खोलीत जाईन.”

“मी तोवर कुठे जाऊ? सगळं बंद आहे.”

“तुझी गाडी आहे ना.”

“मी भाडं भरते.”

“आईचे पाहुणेही भरायचे,” ती म्हणाली आणि खिडकी लावली.

हैदराबादच्या मुलाची व्हॅन दिवसभर बाहेरच असायची, त्यामुळे तो सुटला. मी अडकले. भांडले तर घर जाईल. त्या काळात टेस्टिंगवर काम करणाऱ्या मुलीला खोली द्यायला आपली माणसंही तयार नव्हती. शेजारच्या गिरावीनमधल्या दोन मराठी घरांत विचारून पाहिलं. एकीने सरळ सांगितलं, “अगं, सासू-सासरे आहेत घरात.” दुसरीने फोनच उचलला नाही.

मग मी पार्कपाशी गाडी लावून बसायला लागले. थंडी, पाऊस, काचांवर वाफ. डबा मांडीवर घेऊन जेवायचं. टॉयलेटला पेट्रोल पंप. आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. “गाडीत का गं बसलीयेस?” “रेंज घरात येत नाही.” तिकडे आमच्या ओळखीतली माणसं नुकतीच एकामागून एक गेली होती, तिला हे कुठे सांगत बसू?

पाऊस लागलेला असताना एका दुपारी काचेवर टकटक झाली. दोन पोलीस, एक तरुण बाई आणि एक वयस्क.

“इथे काय करतेस?”

“बसलेय.”

“इथे बसता येत नाही. घरी जा.”

“घरात घेत नाहीत.”

बाईने मास्कवरून माझ्याकडे नीट पाहिलं. “कोण घेत नाही?”

मी सांगितलं. सांगताना रडू आलं, आणि त्या रडण्याचा मला भयंकर राग आला. त्यांनी मला पुढे गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागून आले. शेजारचे सगळे पडदे हलले. म्हातारी दारात आली, पोलीस बघून तिने आधी केस सारखे केले.

“मॅडम, ही इथे राहते. तिला बाहेर ठेवता येणार नाही,” बाई म्हणाली.

“हे माझं घर आहे.”

“तिचंही आहे.”

म्हातारी बाजूला झाली. मी आत गेले तेव्हा ती मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “चुगलखोर.” त्यानंतर ‘लव्ह’ बंद झालं. स्वयंपाकघरात ओट्याच्या मधोमध पिवळी टेप लागली. टेपच्या अलीकडे माझा भाग, आणि तो नेमका नळापासून लांबचा. मी फोडणी दिली की ती खोकायची. मी मोहरी जरा जास्तच घालायचे.

मग तिचा वाढदिवस आला. दुपारी मागच्या फाटकातून तिचा मुलगा आला. येण्याची परवानगी नव्हती, घरापासून काही किलोमीटरपलीकडे जायलाच बंदी होती, पण आला. हातात फिश अँड चिप्सचं कागदी पुडकं, अंगावर समुद्रकाठचा रापलेला रंग. मास्क हनुवटीवर. तो नाक ओढत होता. मला बघून म्हणाला, “हे फीव्हर, मेट. नो वरीज.” हे फीव्हर म्हणजे परागकणांनी होणारी सर्दी. त्या हिवाळ्यात प्रत्येकाला हे फीव्हरच होता. माझ्या रांगेत येणारा दर दुसरा माणूस हेच सांगायचा. दोघं आत बसून जेवली, खूप हसली. तेवढी हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

काही दिवसांनी भिंतीपलीकडून तिचा खोकला यायला लागला, आणि हा खोकला माझ्या फोडणीचा नव्हता. मी दारावर टकटक केली.

“तुमची टेस्ट करायला हवी.”

“मला काही झालेलं नाही.”

“श्वास लागतोय तुम्हाला. मी इथून ऐकतेय.”

शेवटी मीच तिला गाडीत घातलं. ती मागच्या सीटवर, चारही काचा उघड्या, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. रांगेत बराच वेळ गेला. ती एकदाच बोलली. “तुम्ही लोकांनी हे आणलंत.” मी आरशात तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याच एका कलीगने तिचा स्वॉब घेतला.

ती पॉझिटिव्ह आली. हैदराबादचा मुलगा आणि मी दोघंही निगेटिव्ह. संध्याकाळी अँब्युलन्स आली आणि तिला घेऊन गेली. आम्ही दोघं घरात कोंडले गेलो. त्याने दम बिर्याणी केली आणि टेप उपटून कचऱ्यात टाकली. म्हणाला, “दीदी, अब तो खिड़की-दरवाज़े सब खोलो, बुड्ढी की सर्दी निकल जाएगी घर से.”

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातून मला फोन आला. कोण कोणाला भेटलं याचा माग काढणारी बाई होती, अगदी गोड आवाजाची. ती म्हणाली, पेशंटने सांगितलंय की संसर्ग माझ्याकडून, माझ्या कामाच्या कपड्यांवरून आला असावा, घरात दुसरं कोणी आलं नाही. माझ्या कामाच्या ठिकाणीही कळवलं होतं. तासाभराने माझ्या सुपरवायझरचा फोन. मी ग्लोव्ह्ज नीट बदलते का? गाऊन घरी नेते का? पूर्ण हिवाळा मी त्या गाऊनमध्ये घामाने भिजले आणि थंडीने गोठले होते, आणि ही मला गाऊनबद्दल विचारत होती.

मी त्या गोड आवाजाच्या बाईला परत फोन केला आणि सांगितलं की मुलगा आला होता. कधी, कोणत्या फाटकाने, नाक ओढत. त्याची टेस्ट झाली. तो पॉझिटिव्ह निघाला, आणि त्याला हे माझ्याकडून लागलं असं म्हणायलाही जागा उरली नाही, कारण मी निगेटिव्ह होते. त्याला दंड झाला. त्याने मला फोन करून शिव्या दिल्या. “तुझ्यामुळे माझी आई मरणार आहे.”

“तुझी टेस्ट काय आली?” मी विचारलं.

त्याने फोन ठेवला.

म्हातारी मेली नाही. वसंतात ती परत आली, निम्मी झालेली, ऑक्सिजनचं मशीन ओढत. मला दुसरीकडे खोली मिळाली होती, मी सामान बांधायला घेतलं होतं. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“माझ्या पोराची चुगली केलीस.”

“तुम्ही माझ्यावर ढकललंत. माझी नोकरी गेली असती.”

“तुला दुसरी मिळाली असती,” ती म्हणाली. मग भिंतीला टेकून, दम घेत घेत तिने मला त्या गावाची एक गोष्ट सांगितली. ही फ्रेमपुढे उभं करून कधी सांगितली नव्हती. आजीच्या वेळेला ऐन सीझनमध्ये बोर्डिंग हाउसमध्ये टायफॉइड झाला. दोन पाहुणे गेले. माडीवरच्या पाण्याच्या टाकीत मेलेले पक्षी सापडले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजीने बाहेर सांगितलं की नवी मोलकरीण हा ताप आपल्या गावाहून घेऊन आली. पोरगी सोळा-सतरा वर्षांची. तिला त्याच दिवशी हाकललं, नंतर गावात तिला कोणी कामावर घेतलं नाही.

“आणि टाकी?”

“टाकी साफ केली ना. पुढच्या आठवड्यात घर परत भरलं. घराचं नाव राखावं लागतं. तू घर चालवशील तेव्हा कळेल तुला.”

तिच्या आवाजात लाज नव्हती. गाढवांची आणि गुलाबी कांडीची गोष्ट सांगावी तशीच ती हेही सांगत होती. मला तिच्याकडून माफी नको होती. पण ती मला हे शहाणपण म्हणून देत होती, आणि समोर मी उभी होते, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

“त्या मुलीचं नाव काय होतं?” मी विचारलं.

तिने जरा आठवून पाहिलं. “कोणास ठाऊक. मोलकरणी खूप यायच्या.”

मी बॅगेची चेन ओढली. बॅगा व्हॅनमध्ये टाकायला हैदराबादचा मुलगा आला. त्यालाही केलीव्हिलला मित्राच्या घरी जागा मिळाली होती. म्हातारीने खोलीभर फिरून भिंती पाहिल्या, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, गादी उचलून खाली वाकली आणि खोकल्याने तशीच बसली. मी तिला हात देऊन उठवलं नाही. त्या मुलाने उठवलं. तिने त्याला थँक्यू म्हटलं नाही आणि मला गुडबाय म्हटलं नाही.

पुढे कळलं की म्हातारीच्या मुलाने ते घर विकलं आणि तिला आपल्या भागातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, जिथल्या गॅलरीतून समुद्र दिसतो. मला हे सांगणाऱ्या शेजारणीला वाटलं, मी म्हणेन, बरं झालं बिचारीचं. मी विचारलं, “तिथे भेटायला दार कधी उघडतात, न्याहारीनंतर की चहाला?”

“का? जाणार आहेस?”

“नाही,” मी म्हटलं.