संशयाचा फायदा

आमच्या सगळ्या गोतावळ्यात न्याय म्हणजे काय हे खरोखर कळलेला एकच माणूस होता, आणि त्याचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. हे माझ्या मावशीचे यजमान. मिरजगावच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत त्यांचं गाव, आणि फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आम्ही काका.

काकांच्या घरात सुनावणीशिवाय कुणाला शिक्षा होत नसे. एकदा मांजरीनं दूध सांडलं म्हणून मावशीनं फुंकणी उचलली, तर काका आडवे आले. "थांब. तू डोळ्यानं बघितलं का? न्हाई ना? मग ती आरोपी हाय, गुन्हेगार न्हाई." मांजरीच्या तोंडाला दूध लागलेलं होतं. तरीही "तिची बाजू कोन मांडनार?" म्हणून त्यांनी पाच मिनिटं तिची वकिली केली, आणि तेवढ्यात ती उरलेलं दूध पिऊन गेली. आम्ही हसायचो. काका हसत नसत.

हे शब्द ते फार मोठी किंमत मोजून शिकले होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. गावातल्या एका बागाईतदाराची कडब्याची गंजी पेटली आणि शेजारच्या छपरात झोपलेला रखवालदार जळून मेला. दोनच दिवसांपूर्वी काकांचं त्या बागाईतदाराशी बांधावरून भांडण झालं होतं. गावातल्या एका टेम्पोवाल्यानं जबाब दिला, मिस्त्रीला रॉकेलचा डबा घेऊन जाताना मी बघितलं. रॉकेलचा डबा काकांच्या दुकानात कायमच असे, सायकलच्या चेनी धुवायला. पोलिसांनी तोही जप्त केला. खुनाचा गुन्हा, जामीन नाकारला, आणि काका बावीस महिने नगरला तुरुंगात राहिले. त्यांची आई त्याच काळात गेली. काकांना ते आठ दिवसांनी, पोस्टकार्डातून कळलं.

वकील लावायची ऐपत नव्हती. कोर्टानंच एक दिला, नव्यानं वकिली करणारी एक बाई. ती बाकावर काकांशेजारी बसून एकेक शब्द समजावून सांगायची. गुन्हा शाबीत होईपर्यंत तुम्ही निर्दोष. शाबीत करायचं काम सरकारचं, तुमचं नाही. तुमच्याविरुद्ध जो बोलेल त्याला उलट प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे, त्याला उलटतपासणी म्हणतात. आणि त्या उलटतपासणीतच टेम्पोवाला फसला. ज्या संध्याकाळी त्यानं काकांना पाहिलं म्हणे, त्या संध्याकाळी तो टेम्पो घेऊन नगरला भाड्यावर गेलेला होता.

काका सुटले. निकालात लिहिलं होतं, संशयाचा फायदा देऊन. या दोन शब्दांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. "फायदा कसला?" ते म्हणायचे. "संशय माज्याच घरी र्‍हायला की." खरंच राहिला. लोक पंक्चर काढायला दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. त्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. वराकडची मंडळी म्हणाली, "सुटले म्हंजे केलंच न्हाई, असं थोडंच हाय?" त्या दिवशी काका जेवले नाहीत.

चार वर्षांनी त्याच टेम्पोवाल्यानं फाट्यावर, काकांच्या दुकानासमोर, खुरपायला निघालेल्या एका म्हातारीला उडवलं. ती जागीच गेली. मी सुट्टीत आलो होतो, दुकानातच बसलेलो. लोकांनी टेम्पोवाल्याला खाली ओढून बाभळीला बांधलं. काठ्या आल्या. काका उठले आणि त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, हातात हवा भरायचा पंप तसाच.

"मिस्त्री, बाजूला व्हा!"

"पोलिसांची जीप येऊंद्या. त्याला बोलू द्या आदी."

"तुमाला ज्यानं आत घातलं, त्याचीच वकिली करता व्हय?"

"व्हय. मला वकील मिळाला म्हनून मी जिता हाय."

कुणीतरी दगड मारला. तो काकांच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी पोलिसांची जीप येईपर्यंत ते हलले नाहीत. टेम्पोवाल्यानं त्यांच्याकडे एकदाही वर पाहिलं नाही.

पुढे खटला चालला. तो दारू प्यायलेला होता हे शाबीत झालं आणि त्याला शिक्षा लागली. मी काकांना विचारलं, "तुम्ही त्याला माफ केलंत?"

"माफी कुनी दिली? माफी येगळी, सुनावनी येगळी," ते म्हणाले आणि चेन बसवू लागले.

मग एका दिवाळीत मलाच राहवलं नाही. त्या बावीस महिन्यांत मी अकोल्याकडे मास्तर होतो. येता-जाता नगरला गाडी बदलायचो, पण एकदाही त्यांना भेटायला गेलो नव्हतो. ओट्यावर बसून मी त्यांना खरं ते सांगितलं. अंतर आड आलं नव्हतं, रजाही आड आली नव्हती. काकांनीच ती गंजी पेटवली असणार असं मला वाटलं होतं. ते मी घरात बोलूनही दाखवलं होतं.

काकांनी मला एकदाही मधे तोडलं नाही.

"झालं सगळं सांगून?"

"हो."

"मग चल. भाकरी गार व्हायल्यात."

त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता ते नाहीत. त्या दिवशी माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हातानं तूप वाढलं होतं, एवढंच आठवतं.